मनगट काढून पुन्हा प्रयत्न करा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. एक शब्दही मी रंगवलेला नाही. विश्वास बसत नसेल तर माझ्या चुलतभावाला फोन करून विचारा.

तो फोन उचलत नाही, हा भाग वेगळा.

काळोखी रात्र नव्हती. वारा सुटला नव्हता. लांबून कुत्रंही रडत नव्हतं. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन पडलं होतं आणि सगळी गल्ली जेवून आडवी झाली होती. भुतांनी निदान वेळेचं तरी भान ठेवावं अशी माझी अपेक्षा असते. पण हल्ली कोण ठेवतं?

जागा म्हणजे माझ्या काकांचं घर. खाली बाजाररस्त्याला लागून त्यांचं दुकान, वर राहत्या दोन खोल्या, मधे लाकडी जिना. काका घड्याळजी. जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची बंद घड्याळं चालू केली. त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. दुकानाला कुलूप होतं आणि वर काकू एकट्या होत्या.

त्यांना मुलगा एकच, आणि तोही दूर परदेशात. लहानपणी एका जागी टिकायचा नाही म्हणून काकांनीच त्याचं नाव सेकंदकाटा ठेवलं. पुढे नुसतं सेकंद झालं. पोरगं इतकं पळालं की तबकडीच्याच बाहेर गेलं.

सेकंद शेवटचा आला होता तेव्हा परत निघताना, दारात उभं राहून, त्याने बापाच्या मनगटावर स्वतःच्या हाताने एक स्मार्टवॉच बांधलं. म्हणाला, आता तुमचे ठोके मला तिकडे फोनवर दिसतील. काकांनी हात वर करून घड्याळ कानाला लावलं. आवाज नाही. कडेला चाचपून किल्ली शोधली. तीही नाही. याचं पोट उघडता येतं का, विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हे घड्याळ कसलं? ही तर पाळत झाली."

पण काढलं नाही. पोराने बांधलं होतं.

तेव्हापासून सेकंद रोज बापाचे ठोके बघायचा. त्यामुळे फोन करायची गरज उरली नाही.

काका गेले तेव्हाही त्याच्या फोनवर सूचना गेली होती... 'ठोके आढळत नाहीत.' त्याला वाटलं, घड्याळ चार्जिंगला लावलं असेल. तो मीटिंगमध्ये होता.

अंत्यविधीला मात्र तो पूर्ण वेळ हजर होता. फोनवरून. फोन मी धरला होता. खांदा अजून दुखतो.

तर आता मुद्द्याचं. सेकंदने मला फोन करून सांगितलं की दादा, बाबांचं घड्याळ आईला घाल. नव्या अपडेटमध्ये माणूस पडला तर घरच्यांना आपोआप कळवायची सोय आली आहे. तेवढं अपडेट करून दे, म्हणजे माझी काळजी मिटली. "नाहीतर मलाच यावं लागेल रे. आणि सध्या रजेचं जरा अवघड आहे."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण एकदा एका लग्नघरात मी प्रिंटरची वायर काढून परत लावली होती आणि प्रिंटर चालू झाला होता. तेव्हापासून नातेवाइकांत मी इंजिनियर आहे.

गेलो. काकू खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. भिंतीवर सात-आठ घड्याळं टिकटिकत होती. ही सगळी गिऱ्हाइकांची, दुरुस्त होऊन पडून राहिलेली. कारण काकांचा एक नियम होता. घड्याळ ज्याने आणून हातात दिलं, परत जाणार ते त्याच्याच हातात. नोकर येवो, शेजारी येवो, गिऱ्हाइकाची बायको येवो. काका भिंगातून वर न बघता विचारायचे, "दिलं कोणी? त्याला पाठव." त्यापायी भांडणं झाली, गिऱ्हाइकं तुटली, पण नियम तुटला नाही. ज्यांचं येणं झालं नाही त्यांची घड्याळं वर आली. काका गेल्यापासून काकू रोज सकाळी त्यांना किल्ली देत होत्या.

त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेलं स्मार्टवॉच काढून दिलं. मी ते टेबलावर चार्जरवर ठेवलं आणि अपडेटचं बटण दाबलं.

एक गोल फिरू लागला. फिरला... फिरला... आणि थांबला.

सेकंदने बापासाठी घड्याळाची भाषा मराठी करून ठेवली होती. ते मराठी कोणी केलं होतं देव जाणे. पडद्यावर अक्षरं आली :

'अपडेट झाले नाही. घड्याळ वापरात आहे. कृपया मनगट काढून पुन्हा प्रयत्न करा.'

खाली दोन बटणं. 'पुन्हा' आणि 'नंतर'.

घड्याळ टेबलावर होतं. मनगट माझं माझ्याजवळ होतं.

मी रीतसर सगळं केलं. बॅटरी भरलेली होती. वायफाय चालू होतं. जागा रिकामी होती. घड्याळ बंद करून चालू केलं, कारण इंजिनियर म्हणून मला येणारा उपाय तोच. मागचा भाग रुमालाने पुसला.

तेव्हा दिसलं... घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी परत सुलटं केलं. कोपऱ्यात छोटं हृदय. शेजारी आकडा. अडुसष्ट.

मी कुठेतरी वाचलं होतं की हे दिवे गुंडाळलेल्या टॉवेलचेही ठोके मोजतात. जीव भांड्यात पडला. टेबलावर टेबलक्लॉथ होता. तो काढला. मग घड्याळ पालथं केलं, दिवा छताकडे करून. आता त्याच्यावर काहीच नव्हतं. निव्वळ हवा.

सुलटं करून पाहिलं.

अडुसष्ट.

"नाही होत का?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, होईल, बघतो. त्यांचा हात मटारच्या शेंगेवर तसाच थांबला होता. "नाही झालं तर येईल ना तो?"

मला तेव्हा कळलं की मी कोणाच्या विरुद्ध काम करतोय. आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घातलेली मी येतानाच पाहिली होती. उशा दोन होत्या, आणि काकू उशी घेत नाहीत.

तरी शब्द दिला होता. मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून एक मुलगी आली. कागदावरचं वाचावं तशी बोलत होती. घड्याळाचा क्रमांक घेतला, थांबा म्हणाली आणि मग, "सर, घड्याळ आधी हातातून काढा."

"काढलंय."

"मला इकडे हातात दिसतंय, सर."

मी म्हटलं, माझ्यासमोर टेबलावर आहे, पाहिजे तर फोटो पाठवतो. कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तिचा आवाज बदलला. कागद संपला असावा.

"सर... त्यांना जरा एका जागी उभं राहायला सांगता का?"

"कोणाला?"

"ज्यांनी घातलंय त्यांना. ते चालताहेत."

मी घड्याळाकडे पाहिलं. हृदयाच्या खाली पावलांचा आकडा होता.

तो वाढत होता.

एक... मग एक... मग जरा थांबून आणखी एक. गुडघे दुखणारा माणूस उतरतो तसा.

बाहेर जिन्याची फळी करकरली.

घड्याळ एकदम थरथरलं. मी खुर्चीसकट मागे सरकलो. पडद्यावर रंगीत फुगे उडाले : 'शाब्बास! आज तुम्ही छान चालत आहात!'

आणि मग माझ्या लक्षात आलं... खोलीत काहीतरी कमी झालंय.

टिकटिक.

भिंतीवरची सगळी घड्याळं बंद होती. सगळे लंबक मधोमध, सरळ. सकाळीच किल्ली दिलेली घड्याळं.

सगळी नव्हे. एक आवाज येत होता. बारीक. मी भिंतीजवळ जाऊन एकेका घड्याळाला कान लावला. नाही... नाही... मग टेबलाशी आलो. स्मार्टवॉच उचलून कानाला लावलं, काकांनी लावलं होतं तसंच.

ज्याच्या पोटात एक चाक नाही, स्प्रिंग नाही, ते घड्याळ टिकटिकत होतं.

खालून आवाज आला... टिंग. लोखंडी चिमटा काचेवर ठेवला की येतो तो. लहानपणी त्या दुकानात बसून मी तो इतक्यांदा ऐकलाय की दुसरा कसला असूच शकत नाही. दुकानाची किल्ली माझ्यासमोर खिळ्याला लटकत होती.

काकूंनी मान वर केली नाही. "दुपारचे उठले की खाली जातात," त्या म्हणाल्या. पाणी आलंय सांगावं, तशा.

फोनवरची मुलगी अजून होती. तक्रार नोंदवून घेऊ का, म्हणाली. मी विचारलं, कोणाविरुद्ध? शेवटी तिने सेवेला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. मी चार दिले. तिची काही चूक नव्हती.

काकू उठल्या, टेबलाशी आल्या आणि पदराने घड्याळाची काच पुसली. "उगाच खटपट करू नकोस. ते तुझ्या हाती देणार नाहीत. ज्याने बांधलं त्याने येऊन सोडवावं. नियम काय तुला माहीत नाही?"

"सेकंदला काय सांगू?"

"हेच सांग. आहे तसं."

सांगितलं. व्हिडिओ कॉल लावला, घड्याळ दाखवलं, बंद लंबक दाखवले, फळीचा आवाज सांगितला, चिमट्याचा सांगितला. चाळिशी उलटलेल्या, एम.ए. झालेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं असतं ते मला माहीत नाही. मी त्याच तोंडाने सांगितलं. वाटलं होतं, हसेल.

हसला नाही.

"दादा, खरं सांगू? मला येतंय ते."

"काय येतंय?"

"सूचना. रोज. 'बाबा चालत आहेत.' इकडे पहाट असते तेव्हा."

"कधीपासून?"

"ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? झोपमोड व्हायची. म्यूट केलं."

काकू माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मला वाटलं रडतील, सुनावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "येतोस का?"

माझी नजर टेबलाकडे होती. म्हणून मला दिसलं. हृदयाशेजारचा आकडा अडुसष्टवरून हलला. सत्तर... शहात्तर... पंच्याऐंशी. चढतच गेला. खाली दुकानात काहीच वाजत नव्हतं. कोणीतरी हातातलं काम थांबवून कान द्यावा, तशी शांतता होती.

"बघतो ना आई. आत्ता खरंच फार गडबड आहे. नंतर नक्की बघू. मी करतो काहीतरी."

काकूंनी फोन मला परत दिला.

आकडा उतरू लागला. घाई न करता. ऐंशी... बहात्तर... अडुसष्ट. मग पडदा काळा झाला. मग खालून पुन्हा चिमट्याचा आवाज आला, आणि भिंतीवर एकेक लंबक हलायला लागला. काकू खिडकीशी जाऊन बसल्या आणि उरलेले मटार सोलू लागल्या. मी चार्जर गुंडाळला. निघताना जिना उतरायचा होता... मी प्रत्येक पायरीवर भिंतीच्या बाजूने उतरलो. कोणाला वर यायचं असलं तर जागा असावी.

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. ते घड्याळ काकूंच्या कपाटात आहे. त्या दिवसानंतर ते कोणी चार्ज केलेलं नाही. काकू म्हणतात, दुपारी कपाटातून टिकटिक येते. मी शहानिशा केलेली नाही. मी त्यांच्याकडे आता सकाळीच जातो, आणि जिन्यातूनच हाक मारतो.

पलंगावर हल्ली एकच उशी असते. धुतलेली चादर घडी करून ठेवलेली.

सेकंदने मात्र म्हटल्याप्रमाणे काहीतरी केलं. नवं घड्याळ त्याच आठवड्यात कुरियरने आलं. त्याचं अपडेट चहा गाळेपर्यंत झालं.