मुखिया नसलेल्या डब्या

वांग्याच्या वाफ्यात लुकलुकणारी डबी हातात धरून जीवन माळी उभा होता.

"तुमची हाय का? मी त बाम्ब समजलो."

"मंग हातात काहून धरली?"

"तुमी धावत आल्या नं... म्हटलं, मरायचं त जोडीनं."

हर्षाला हसू फुटलं, आणि लगेच तिनं मागं वळून रस्ता पाहिला. भेव तिच्या अंगात मुरलेलं. चुलत बहीण वर्षाली एका पोरासोबत चहा पिताना दिसली, तर तिचं कॉलेज सुटलं नि लगीन लावून तिला अकोल्याला उजवून टाकलं. घरात याला वळण म्हणतात. दहशत म्हणा ना सरळ!

डब्या हर्षाच्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या. मातीची ओल मोजायच्या, नि मेळघाटातल्या काजव्यांसारख्या शेजारच्या डबीचा उजेड पाहून एका तालात पेटायच्या. मुखिया कोणी नाही, असं ती सांगायची. बापाच्या कपाशीच्या पऱ्हाटीतली एक कुत्र्यानं बांधापलीकडं, जीवन माळ्याच्या वावरात नेली होती. मग जीवनच म्हणाला, "इकडंबी लावा नं चार." हर्षा रोज येऊ लागली... डब्यांचं निमित्त होतं.

एका सांजेला त्यानं कडेची डबी सहज उचलली, तिचं बटण दाबलं गेलं, अन् सगळ्या विझल्या.

"हे काय झालं?"

हर्षाची मान खाली. "तिले मीच मुखिया केलं होतं. चोरून. मोकळ्या सोडल्या त जुळणार नाहीत, असं भेव वाटे."

"सोडून त पाहा. नाही जुळल्या त नाही."

बांधावर बसून तिनं लॅपटॉपवरून मुखियाचा हुकूम पुसला. डब्या पेटल्या, पण कशाही, एक इकडं, एक तिकडं. तेवढ्यात फोन वाजला. बाबा. तिनं तो पालथा ठेवला. वाजून वाजून फोन थांबला.

समोर दोन डब्या सोबत लुकलुकल्या. मग तिसरी. मग अख्खी ओळ... आणि मग दोन्ही वावरं एका दमात उजळली, एका दमात विझली.

फोन पुन्हा वाजला.

"मी सरकतो तिकडं," जीवन उठला.

तिनं त्याची बाही धरली. "थांब." आजवर ती त्याला तुमीच म्हणायची.

"कुठं हायस?" बाबांचा आवाज.

"जीवनच्या वावरात."

"त्या माळ्याच्या?"

"हो. त्याच्याच सोबत हावो, बाबा. लपून नाही. तुमीच या इकडं."

फोन कटला. बाही तिनं सोडली नाही.

"भेव वाटते का?" जीवननं हळूच विचारलं.

"लय."

"मलेबी."

थोड्या वेळानं रस्त्यावर बाबांची बुलेट वाजली. हर्षाचे पाय लटलट कापत होते. पळाले मात्र नाहीत.