श्यामरावांच्या डिरेक्टरीतला प्रोग्राम

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, आमचे गोपीचंद मामा गेले.

म्हणजे गेले नाहीत. असं काही झालंच नाही, हे आमच्या घरात सर्वानुमते ठरलंय. तरी जे झालंच नाही ते अक्षरशः खरं आहे.

सानगडीच्या एका राइस मिलमध्ये मामा कॉम्प्युटर चालवायचे. त्यांच्या आधी हे काम करडीचे श्यामराव करत. ते साप चावून वारले. गेटपास छापायचा प्रोग्राम अजून त्यांच्याच नावाच्या डिरेक्टरीत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या कप्प्यात, होता.

मालक भय्याजींना मेलेल्याचं नाव पडद्यावर नको होतं.

"धानाचं पऱ्हं उपटून दुसऱ्या बांधीत रोवतो ना आपन? हेबी रोव. तुह्या नावाच्या बांधीत."

मामांनी प्रोग्राम उचलून स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवला.

चालेना. फाइल सापडत नाही, म्हणे.

बाहेर गेटपासाविना ट्रक खोळंबले. ड्रायव्हर शिव्या देऊ लागले.

"दिवस बुडाच्या आत चालला नाही, त उद्यापासून घरी भाकरी थाप," भय्याजी म्हणाले.

प्रोग्राम सगळं जुन्याच जागी शोधतोय, हे मामांना कळलं. मुळं तिकडंच राहिली होती. त्यांनी श्यामरावांची डिरेक्टरी उघडली.

रिकामी.

पुसायला गेले. मशीन म्हणालं...

रिकामी नाही.

पुन्हा उघडली. रिकाम्या डिरेक्टरीत दोन ओळी असतातच. एकीत एक टिंब, दुसरीत दोन. मामांना ते माहीत होतं.

आता खाली तिसरी ओळ होती, तीन टिंबांची.

...

तेवढ्यात मिलचा आवाज गेला. पट्टा फिरत होता, कोंडा उडत होता. आवाज मात्र नव्हता.

"कोन हाय?" मामांनी पडद्याला विचारलं.

"कॉम्प्युटरले नाव पुसून राहिला का बे?" भय्याजी खेकसले.

पडद्यावरून मामांची डिरेक्टरी नाहीशी झाली... आणि प्रोग्राम चालू झाला.

पास भराभर निघाले. मामांनी खाली सह्या केल्या.

श्यामरावांच्या.

नोकरी वाचली. मामा मात्र घरी आले नाहीत. एसटीने थेट करडीला गेले आणि श्यामरावांच्या ओसरीवर पाय धुऊन बसले.

मामी आणायला गेली.

"हे माहे मालक हायेत," मामी म्हणाली.

"असतीन, त ने ना," श्यामरावांची विधवा रंभाबाई म्हणाली. "चालवून पाह."

मामी घेऊन आली. घरात मामा चालेनात. ताट समोर असायचं, ते म्हणायचे, "सापडून नाही राहिलं." मामीकडे बघूनही तेच म्हणायचे.

करडीला परत नेऊन सोडलं की ठणठणीत.

मग मुळंच तिकडे नेली तर ते आम्हाला ओळखतील, म्हणून आम्ही त्यांची खाट तिकडे नेली. सुपारीची चंची नेली. फरक पडेना. शेवटी मामीलाही नेऊन ठेवलं.

परवा तिला भेटायला गेलो. तिने मला पाणी दिलं, आणि विचारलं...

"कोनाच्या घरचे तुमी?"

तरी माननीय तहसीलदार साहेबांस सविनय विनंती, की मयत श्यामराव यांस मयताच्या जागी पूर्ववत रुजू करून घ्यावे, आणि श्री. गोपीचंद व सौ. मामी यांस आमच्या ओळखीसह मूळ घरी परत पाठवण्याचे आदेश व्हावेत.