ठोकलेली तारीख

"चार वाजता चौकशी आहे. त्याआधी माझी चूक नाही हे सिद्ध करून द्या," एवढं बोलून ती बाई खुर्चीत बसली आणि रडू लागली.

मावशीने तिला रडू दिलं. मावशी खाजगी गुप्तहेर होती आणि तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला मावशीच म्हणत. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी, पाणी आणायला उठले. मदतनीस म्हणून त्यांचा तेवढाच उपयोग, असं मावशीचं स्पष्ट मत होतं.

रडणारी बाई एका बांधकाम कंपनीत वेळापत्रकं बनवायची. शनिवारी सकाळी इस्पितळाच्या नव्या इमारतीचा स्लॅब भरताना खालचे टेकू सरकले. टेकू तपासणारा अधिकारी त्या वेळी दुसरीकडे, पुलाच्या कामावर होता. एका सुताराचे दोन्ही पाय गेले.

"वेळापत्रक माझं, कॉम्प्युटर माझा, तारीख बदलल्याच्या नोंदीपुढे नावही माझंच," ती म्हणाली. "दोन कामांच्या फायली दोन, पण माणसांची यादी एकच, दोन्हींना जोडलेली. तपासणीचा माणूस एकटाच. तो तिकडे अडकला की इकडची तपासणी पुढे जाते. पण मी तपासणी आणि स्लॅबची सांगड घातली होती. तपासणी सरकली की स्लॅबनेही सरकायलाच हवं."

"आधी तपासणी कधी होती?"

"शुक्रवारी. मी गुरुवार-शुक्रवार रजेवर होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"आणि तुझा पासवर्ड?"

"स्क्रीनला चिकटवलेला."

"आंधळं दळतंय," भावोजी पुटपुटले.

कंपनीत पुलाचं वेळापत्रक सांभाळणारा सडपातळ गृहस्थ नखं खात बसला होता. "गुरुवारी दुपारी बघितलं, तर तपासणीचा माणूस शुक्रवारी दोन्हीकडे. मी पुलाला प्राधान्य दिलं. तो शनिवारपर्यंत माझ्याकडे आला आणि तिची तपासणी आपोआप सोमवारी गेली. तिची फाइल मी उघडलीसुद्धा नाही. स्लॅब मंगळवारी गेला असणार, असंच मी धरून चाललो. तारीख ठोकलीय हे मला काय माहीत?"

"ठोकलीय म्हणजे?"

"तिचा शब्द हो! आम्ही 'लॉक' म्हणतो. मग कशानेही ती तारीख हलत नाही. ओळीपुढे छोटं कॅलेंडर उमटतं."

इस्पितळाच्या कामाचा मॅनेजर पत्र्याच्या खोलीत भेटला. भिंतीवर वेळापत्रकाचा कागद होता.

"मला त्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "बुधवारी रजेवर जाताना तिने हा कागद दिला. शनिवारची तारीख ठोकलेली होती. रविवारी मालक बघायला येणार होते. मी स्लॅब भरला."

मावशीने कागदाला नाक लावलं. स्लॅब शनिवारी, पुढे छोटं कॅलेंडर. दुसऱ्या कुठल्याच ओळीपुढे ते नव्हतं. तपासणी सोमवारी.

साडेतीनला मावशीने तिघांना चौकशीच्या खोलीबाहेर एकत्र बसवलं.

"भावोजी, बुधवारच्या कागदावर तपासणी कोणत्या वारी हवी?"

"शुक्रवारी."

"भिंतीवर कोणता वार आहे?"

"सोमवार. अरेच्चा!"

"तपासणी सोमवारी गेली गुरुवारी दुपारनंतर. म्हणजे कागद त्यानंतरचा, आणि तेव्हा ही रजेवर होती. मॅनेजरसाहेब, स्लॅब मंगळवारी गेलेला बघून तुम्ही हिच्या कॉम्प्युटरवर बसलात. शनिवार पक्का केलात आणि कागद काढलात. टेकू कुणी तपासणार नाही हे तुमच्या भिंतीवरच लिहिलं होतं."

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मला कुठे येतं ते?"

"तेच म्हणते मी. कुणीतरी शिकवलं. तारीख 'ठोकायची' हा हिचा शब्दही तुम्ही तिथेच उचललात." मावशी वेळापत्रकवालीकडे वळली. "यांचा फोन आला होता ना गं?"

मावशीला हे विचारताना वाईट वाटत होतं.

"शुक्रवारी. सासूबाईंना आत नेत होते. कुठे दाबायचं ते मी सांगितलं. धोक्याची सूचना येईल, तिला हो म्हणा, हेही मीच सांगितलं. कुठली तारीख, कशासाठी, काहीच विचारलं नाही. मला फोन ठेवायची घाई होती."

भावोजी खालच्या आवाजात म्हणाले, "हे चौकशीत सांगायलाच हवं का? गुन्हा साहेबांचा आहे. तुला कोण विचारतंय?"

"सुताराच्या बायकोने विचारलं. काल इस्पितळात. 'ताई, तुमचा हात नव्हता ना यात?' मी नाही म्हटलं." तिने पर्स उचलली. "ती चौकशीला येणार आहे."

"तुझी नोकरी जाईल," मावशी म्हणाली.

"जाऊ दे. आत गेल्यावर तिला काय सांगू, तेवढं सांगा."

मावशी फक्त तिच्याबरोबर चौकशीच्या खोलीच्या दारापर्यंत चालत गेली.