मास्तरांनी न ऐकलेल्या फाइली

ही गोष्ट माझ्यासोबत घडलेली आहे. मित्राच्या मित्राची नाही, कुठे वाचलेलीही नाही. तुम्ही विश्वास ठेवाच, असा आग्रह नाही. मलाच अजून तो धड ठेवता येत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी अंध लोकांसाठी चालणाऱ्या एका बोलक्या ग्रंथालयात काम करतो. लोक घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचतात, रेकॉर्ड करतात. त्या फाइली आमच्या सर्व्हरवर चढतात आणि ऐकणारे आपापल्या फोनवर ऐकतात. सर्व्हर सांभाळणारा मी एकटा. एकटा म्हणजे, नळ गळायला लागला तरी मलाच हाक मारतात.

इमारतीच्या सगळ्यात वर दोन खोल्या आहेत. एकीत सर्व्हर आणि मी. शेजारची मास्तरांची.

मास्तर निवृत्त शिक्षक, स्वतः अंध. नवीन आलेली प्रत्येक फाइल ते कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. मध्ये उठणं नाही, पुढे ढकलणं नाही. संपली की मधल्या भिंतीवर बोटाने वाजवायचे. दोनदा वाजलं की पास. मग मी ती लोकांसाठी खुली करायचो. एकदाच वाजलं की कुठेतरी चूक आहे, प्रकरण पुन्हा वाचायचं. मग वाचणारा कुणीही असो. मास्तरांपुढे कुणाची डाळ शिजायची नाही.

माझ्या ताईचीही नाही.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. घरात आम्ही दोघंच. मला लहानपणी चष्मा लागला तेव्हापासून ती मला ‘ढापण्या’ म्हणायची. माझी चाळिशी उलटली, तरी ढापण्याच. तिने ग्रंथालयासाठी कितीतरी पुस्तकं वाचली. शेवटचं वाचलं ते आजारपणात, पलंगावर उशीला टेकून.

त्याच दिवसांत मास्तर झोपेतच गेले. पाठोपाठ ताई गेली.

मास्तरांच्या ऐकायच्या राहिलेल्या फाइली तशाच पडून होत्या. ताईचं पुस्तकही त्यातच. शेवटी ग्रंथालय चालवणाऱ्या आमच्या मॅडम वैतागल्या.

“लोक फोन करून डोकं खातायत रे. चढवून टाक सगळ्या.”

“पण कुणी ऐकलेल्या नाहीत, मॅडम.”

“आता मास्तर कुठून आणू मी? चढव.”

मी चढवल्या.

आणि सर्व्हर अडकायला लागला…

तक्रार सगळ्यांची एकच. पुस्तक सुरू होतं, दोन-चार शब्द येतात, मग नुसती शांतता. फाइली त्याच, नव्याने चढवलेल्या. बाकीच्या हजारो सुरळीत चालू होत्या.

मी सर्व्हर रीस्टार्ट केला. वायर बदलली. डिस्क तपासली, डिस्क ठणठणीत. फाइलींची नावं बदलली. दुसऱ्या मशीनवर नेऊन बघू म्हटलं, तर कॉपीसुद्धा अडकली. आधीच थकलेला होतो. ताई गेल्यापासून झोप अशी लागतच नव्हती. त्यात हे नवं झेंगट.

माझा एक जुना दोस्त मोठमोठे सर्व्हर सांभाळतो. त्याला फोन लावला.

“एक सेटिंग असते,” तो म्हणाला. “फाइल डिस्कवरून थेट नेटवर्कवर ढकलायची. ती कधीकधी काही फाइलींवर रुसते. बंद कर.”

“केली.”

“मग?”

“मग काय, रुसलेल्या जावयासारखा बसलाय.”

“लॉगच्या नोंदींत काय दिसतंय?”

“फाइल मागितली, फाइल उघडली. पुढे कोरं.”

“मग तो बंद पडलेला नाही रे,” तो म्हणाला. “तो कशाची तरी वाट बघतोय.”

त्याने सहज म्हटलं. मीही सोडून दिलं.

एका दुपारी मी कंटाळून एक फाइल तशीच अडकलेली सोडली आणि टेबलावर डोकं टेकलं. डोळा लागला असावा. जाग आली ती आवाजाने.

टक… टक.

भिंतीपलीकडून.

झाडपूस करणाऱ्या मावशी असतील, असं मला वाटलं. स्क्रीनकडे बघितलं तर फाइल एका दमात निघून गेली होती. पुन्हा मागवली. लगेच आली. ती फाइल नंतर कधीच अडकली नाही.

मी दुसरी लावली आणि या वेळी जागा राहिलो. ती अडकली. बराच वेळ. मग टक टक, आणि सुटली.

किती वेळ अडकली ते मी बघितलं. बरोबर रेकॉर्डिंगच्या लांबीइतका.

सर्व्हरला फाइल किती मोठी आहे ते कळतं. मजकूर ऐकायला किती वेळ लागतो, ते कळत नाही. ते ऐकणाऱ्यालाच कळतं.

खाली जिन्यात मावशी भेटल्या. त्यांनीच विषय काढला.

“दादा, मास्तरांच्या खोलीत हल्ली कोण बसतं?”

“कुणी नाही. कुलूप आहे ना?”

“कुलूप आहे, चावी माझ्याकडेच आहे. पण मी खुर्ची आत सरकवून जाते आणि दुसऱ्या दिवशी ती बाहेर ओढलेली असते. आणि ते कानाला लावायचं आहे ना…”

“हेडफोन?”

“ते गरम असतं, दादा.”

मी कुणाला काही बोललो नाही. खरं सांगू? भीती वाटली, पण हायसंही वाटलं. एकेक फाइल सुटत होती. मेल्यावरही वेळेवर कामाला येणारा माणूस आमच्या ऑफिसात हा एकच, असा विनोदही मनात येऊन गेला.

मग सगळ्या सुटल्या आणि एकच उरली. ताईच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण.

त्या प्रकरणात एक चूक होती. मला ती तोंडपाठ होती. वाचता वाचता ताईला खोकला येतो. मग ती म्हणते, “ढापण्या, पाणी दे रे जरा… अगं बाई, हे चालूच आहे की!” आणि हसते. मग ग्लासचा आवाज, आणि ती पुढे वाचायला लागते.

तिच्या आवाजातली, मला मारलेली एवढीच हाक उरली होती. वाचणाऱ्यांना आम्ही देतो ते रेकॉर्डर पुसून पुढच्या माणसाला द्यायची आमची पद्धत आहे, त्यामुळे तिचा रेकॉर्डर कधीच दुसऱ्याकडे गेला होता. चढवण्याआधी मी रोज कामाला लागताना तेवढा तुकडा ऐकायचो. फाइल कुठे पळून जातेय, म्हणून घरी नेली नव्हती. आता न्यायची म्हटलं तर कॉपी अडकत होती. बॅकअपमधलीही अडकत होती.

आणि अशा चुकीला मास्तर काय करतात, ते मला माहीत होतं.

त्या दुपारी मी भिंतीला कान लावून बसलो. पलीकडे काहीच आवाज नाही. फाइल अडकलेली. प्रकरण जिथे संपतं ती वेळ आली…

टक.

मी दुसऱ्याची वाट बघितली.

दुसरं वाजलं नाही.

मी धावत खाली गेलो, मावशींकडून चावी आणली, खोली उघडली. खुर्ची बाहेर ओढलेली. हेडफोन टेबलावर. वरचा जुना पंखा फिरत होता. कर्र… कर्र… दर फेरीला एकदा. बटण बंद होतं.

“मास्तर,” मी म्हणालो. “चूक आहे, मान्य आहे. पण एवढी राहू द्या हो. पुन्हा वाचायला ती आहे कुठे?”

पंखा तसाच फिरत राहिला. मी दार ओढून घेतलं, चावी परत दिली आणि सरळ घरी गेलो. चादर डोक्यावरून घेऊन पडलो.

सकाळी आलो तर फाइल एका क्षणात उघडली. आकाराने थोडी लहान झाली होती.

मी ती लावली. ताईच. पण आजारपणातली नाही, त्याआधीची. आवाज खणखणीत, श्वास कुठे तुटत नव्हता. ती जागा जवळ आली. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले…

ती वाचत पुढे गेली. खोकला नाही, हाक नाही, हसू नाही.

मग आवाजामागचं मला ऐकू आलं.

कर्र… कर्र…

आमच्या घरचा पंखा कधीच वाजत नव्हता.

म्हणजे ती आली होती. इथे, भिंतीपलीकडे बसून अख्खं प्रकरण वाचून गेली. आणि मी घरी जाऊन पडलो होतो. शेवटचं वाक्य संपल्यावर रेकॉर्डिंगमध्येच दोनदा टक टक वाजतं. बॅकअपमध्येही आता हीच फाइल आहे.

मला रडू आलं आणि रागही आला. मास्तरांचा आला, तिचा त्याहून जास्त. एवढं येऊन वाचलंस, मग एकदा ढापण्या म्हणायला काय झालं होतं?

दोस्ताने नंतर विचारलं, “सुटला का रे तुझा प्रॉब्लेम?”

“सुटला,” मी म्हणालो.

नवीन फाइली आजही चढवल्या की अडकतात आणि टक टक झालं की सुटतात. मॅडमना वाटतं, मी काहीतरी सेटिंग करून ठेवलंय. ताईच्या पुस्तकाचं लोक कौतुक करतात. शेवटचं प्रकरण तर फारच छान वाचलंय म्हणतात. मी हो म्हणतो.

रोज निघताना मी मास्तरांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवतो. वाचता वाचता तिला कोरड पडली असेल आणि तिने मागितलं असेल, तर तेव्हा द्यायला तिथे कुणी नव्हतं.

सकाळी ग्लास भरलेलाच असतो. मावशी ते पाणी ओतून टाकतात आणि माझ्याकडे बघतात.

संध्याकाळी मी तो पुन्हा भरतो.