फाटक्या पानांची बाग

विहीरबागेत फुलं होती, पण फुलपाखरं टिकत नव्हती. हे कोडं सोडवायला कुणाला वेळ नव्हता. कारण कोडं सोडवण्यापेक्षा यंत्र विकत घेणं मोठ्या माणसांना सोपं वाटतं.

२०५२ सालच्या मे महिन्यातला शनिवार. सकाळीच ऊन चटका देत होतं. शलाका, तिची कुमुदमावशी आणि फुलपाखरं बघायला आलेली आठ-दहा माणसं बागेत फिरत होती. कुमुदमावशी कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारी) होती. बागेच्या समितीचे अध्यक्ष कदमकाका पुढे चालत होते.

"आज शेवटची फेरी," कदमकाका म्हणाले. "आजही पुरेशी फुलपाखरं दिसली नाहीत, तर सोमवारपासून यांत्रिक फुलपाखरं उडवणार. ती ऊन असो, वारा असो, वेळेवर उडतात."

"आणि बिघडली की?" शलाकानं विचारलं.

"बदलून मिळतात."

चार वर्षांची असल्यापासून शलाका मावशीचं बोट धरून या फेरीला येत होती. प्रत्येक फेरीनंतर बागेला एक फुलझाड भेट द्यायचं, अशी या लोकांची पद्धत होती. त्यामुळे झेंडू, सदाफुली, जास्वंद असं सगळं खच्चून भरलं होतं. तरीही फुलपाखरं बाहेरून दोन-चार यायची, रस प्यायची आणि निघून जायची.

इतक्यात एक नारिंगी फुलपाखरू आलं. पंखांना काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके.

"बिबळ्या कडवा!" मावशी कुजबुजली. "मादी आहे. हलू नका."

मादीनं झेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती एका पानावर बसली, पाय आपटले, उडाली. दुसऱ्या पानावर बसली, पाय आपटले, उडाली.

"चक्रम आहे काय?" कदमकाका म्हणाले.

"चव घेतेय," मावशी म्हणाली. "आपली जीभ तोंडात. तिच्या पायांवर संवेदक असतात (स्पर्श, चव, वास ओळखणारे बारीक अवयव). पान योग्य असलं तरच ती अंडं घालणार."

"पान का? फुलं आहेत की एवढी!" शलाका म्हणाली.

"तू जन्मल्या जन्मल्या पुरणपोळी खाल्लीस का गं?"

"नाही. दूध प्यायले."

"मग? मोठं फुलपाखरू फुलांतला रस पितं. पण अंड्यातून फुलपाखरू निघत नाही, अळी निघते. अळी पानं खाते. तीही वाटेल ती नाही, आपल्या ठरलेल्या झाडाचीच. त्या झाडाला खाद्यवनस्पती म्हणतात (जिची पानं खाऊन अळी वाढते ते झाड)."

शलाका थांबली. "म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून नुसतं हॉटेल बांधलं. बाळंतपणाची खोली बांधलीच नाही!"

सगळे आपण आणलेल्या झाडांकडे बघू लागले. इतकी वर्षं झाडं आणली होती ना सगळ्यांनी, हौसेनं.

मादी कुंपणाकडे गेली. तिथे रुईचं एक झुडूप कसंबसं उगवलं होतं. ती पानावर बसली, पाय आपटले. या वेळी उडाली नाही. पोटाचं टोक वळवून तिनं पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं चिकटवलं.

तेवढ्यात घरघर झाली. खुरप्या आला होता, बागेचा माळी रोबो. त्याचा पोलादी पंजा रुईकडे वळला.

"तण आढळले. पाने फाटकी. उपटत आहे."

शलाका धावत जाऊन आडवी उभी राहिली. समोर माणूस आलं की खुरप्या थांबत असे. तो थांबला.

"शलाका, बाजूला हो," कदमकाका म्हणाले. "उद्या सुंदर बाग स्पर्धेचे परीक्षक येणार. फाटकं पान दिसलं की गुण गेले."

"पान का फाटलंय ते तरी बघा!"

तिनं पान उलटं केलं. खाली काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी निवांत चरत होती.

"ई!" कदमकाका मागे सरले.

"रुईचा चीक विषारी," मावशी म्हणाली. "ही तो पचवते आणि विष अंगात साठवते. म्हणून पक्षी हिच्या वाटेला जात नाहीत. रुई उपटलीत, तर ही दुसरं काही खाणार नाही. मरेल."

"काका," शलाकानं विचारलं, "शनिवारी मारुतीला माळ कसली घालता?"

"रुईच्या पानांची."

"आज घातलीत?"

"सकाळीच. बाजारातून आणून."

"मग देवाला चालते ती रुई बागेला का चालत नाही?"

कदमकाका पानावर वाकले. ते अळीकडे बघत राहिले. अळीनं मात्र खाणं थांबवलं नव्हतं.

"परीक्षक गुण कापतील," ते पुटपुटले.

"कापू देत," मावशी म्हणाली.

कदमकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. "खुरप्या, सोड ते झाड."

"पान फाटके आहे. आजार?" खुरप्यानं विचारलं.

"आजार नाही," शलाका म्हणाली. "कुणीतरी जेवून गेलंय."

खुरप्याचा दिवा लुकलुकला. "नोंद केली."

परीक्षकांनी गुण कापलेच. विहीरबाग शेवटची आली. कदमकाका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र लिंबू आणि कढीलिंबाची रोपं घेऊन आले. "दुसऱ्या कुठल्या तरी फुलपाखराला ही लागतात म्हणे," एवढंच बोलले. यांत्रिक फुलपाखरांचं कुणी नावही काढलं नाही.

चार आठवड्यांनी रुईवरचा कोश (अळी ज्यात बदलून फुलपाखरू होते ते वेष्टन) उकलला. ओले, चुरगळलेले नारिंगी पंख हळूहळू ताठ झाले. सगळे श्वास रोखून बघत होते. खुरप्या शेजारी उभा होता, पंजा मिटून.

"सकाळचा अहवाल," तो म्हणाला. "आज आणखी पाने फाटली. बाग छान चालली आहे."