रिकामा वेळ

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गचकन थांबली, आणि आत आम्ही दोघंच.

"घाबरू नका," तो म्हणाला. त्याचाच आवाज कापत होता!

गळ्यातल्या ओळखपत्रावरून कळलं... अच्छा, हाच तो इंजिनिअर! विमा कंपनीच्या आमच्या फोन विभागात कोण राहणार, कोण जाणार, हे ठरवणारा प्रोग्रॅम यानेच लिहिलेला. संध्याकाळी निकाल होता. घरी आई, शिकणारा भाऊ, आणि कमावती मी एकटी.

मेला दिसायला मात्र छान होता. त्याचाच जास्त राग आला!

"एक गोष्ट सांगू?" मी म्हटलं. "तेवढाच वेळ जाईल."

"सांगा की."

"एक मुलगी होती. फोन घ्यायची. एकदा एका बाईंचा फोन आला. 'आमचे हे...' एवढंच म्हणाल्या, पुढे तोंडातून शब्द फुटेना. मुलगी थांबली. काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही."

"मग?"

"मग बाई रडल्या. मग बोलल्या. त्यांचं काम झालं. असं वरचेवर व्हायचं, म्हणून मुलीच्या नावापुढे लाल खूण पडली."

"का पण?"

"तुमचा प्रोग्रॅम फोनवरच्या शांततेला रिकामा वेळ म्हणतो ना!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ती मुलगी..."

"गोष्टीतली आहे हो," मी म्हटलं. पण डोळे भरून आलेच.

"आकडे मी रोज बघतो," तो हळूच म्हणाला. "पण 'मग?' असं कधी विचारलंच नाही."

लिफ्ट हलली. दार उघडताच तो साहेबांच्या केबिनकडे धावत सुटला.

संध्याकाळ झाली तरी निकाल नाही. केबिनमधून नुसते चढे आवाज. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"निकाल थांबवलाय." तोच होता! "साहेबांना तुमची गोष्ट सांगितली. आधी भडकले. मग म्हणाले, 'त्या बाईंचं पुढे काय झालं?' लाल खुणेच्या सगळ्या फोनचं रेकॉर्डिंग आता माणसं ऐकणार. मगच ठरणार."

हुश्श! मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणखी काही मदत?"

"हो... म्हणजे..."

पलीकडे शांतता. नुसता श्वास. समोरच्या पडद्यावर रिकामा वेळ वाढत वाढत लाल झाला. मी फोन ठेवला नाही.

"तुम्ही मला... फार आवडलात," तो एकदाचा म्हणाला.

"मग?" मी विचारलं.