झबलं ओलं असेपर्यंत

आम्ही तिघं त्या सकाळी सायकली काढून निघालो, ते एका झबल्याला पाणी लावून आणायला. ऐकणारा हसतो. हसू दे.

माझी मुलगी सीदोनी अजून वर्षाचीही झाली नव्हती. तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत कातडी सोलवटली होती; लाल, ओलसर, चिकट. डॉक्टरांचं मलम लावलं की दोन दिवस सुकायचं आणि पुन्हा चिघळायचं. का, ते कुणालाच कळेना. मी तिचे कपडे उकळत होते, खाजवू नये म्हणून हातांना मोजे घालत होते, रात्र-रात्र पाळण्याशी बसत होते. शेवटी माझ्या सासूबाईंनी, ओदेतनी, मला न विचारता टेकडीवरच्या म्हातारीला घरी आणलं. आमच्या लिमुझँमध्ये, फ्रान्सच्या ह्या डोंगराळ भागात, हे अजून चालतं. म्हातारी वाडगाभर पाण्यात हेझलच्या झुडपाच्या काटक्यांचे निखारे सोडते, प्रत्येकाला एकेका संताचं नाव देते. जो निखारा बुडतो, तो संत रुसलेला. बुडाला संत ओस्त्री! त्याचा झरा विएन नदीच्या वरच्या अंगाला, पडक्या मठामागे. तिथल्या पाण्यात मुलाचं झबलं भिजवायचं आणि ओलं असेपर्यंत मुलाच्या अंगात घालायचं. वाळलं की फुकट.

वादळात झाडं कोसळून जंगलातला रस्ता बंद होता. मोटार जाणार नव्हती, पायी परतेपर्यंत झबलं सुकलं असतं. उरली सायकल.

"मला हे पटत नाही, ओदेत," मी म्हटलं.

"तुला पटायची गरजच नाही, पोरी. संताला पटलं म्हणजे झालं."

खरं तर इतके दिवस न झोपलेल्या आईला काहीही पटतं. मी झबलं घडी करून खिशात ठेवलं.

बरोबर माझा दीर ओरेलियाँ होता, पोट सुटलेला, बढाईखोर, पण चढावर कधी न थकणारा. तिसरी गाएल, माझी जुनी मैत्रीण. लग्नाआधी आम्ही दोघी दर रविवारी डोंगरात सायकली दामटायचो. "मी चर्चमध्ये लग्नाला आणि मयताला तेवढी जाते," ती चेन पुसत म्हणाली, "पण त्या मठाचा उतार झकास आहे. तेवढ्यासाठी येते."

नदीकाठची पाऊलवाट धुक्यात बुडालेली होती. अल्डरची झाडं पाण्यावर वाकलेली, खाली तांबूस पाणी गोल धोंड्यांवरून घसरत चाललेलं. एरवी मला ही वाट फार आवडते. पण पहिल्याच वळणावर कुंपणापलीकडून ट्रॅक्टर आला आणि टाकीतून डुकरांच्या मुताशेणाचा फवारा शेतावर उडवू लागला. वारा आमच्याकडे! ओठांवर काहीतरी गार बसलं. मी थुंकले. पुन्हा थुंकले. ते दातांपर्यंत गेलं होतं.

"तोंड मिटून चालव!" गाएल ओरडली.

"पौष्टिक आहे गं," ओरेलियाँ मागून म्हणाला. "बटाटे बघ कसे होतात."

"मग तू आ करून चालव ना!"

पुढे पडकी पाणचक्की लागली. चक्कीचं चाक हिरव्या शेवाळात अर्धं रुतलेलं, भिंतीवर सन कोरलेला, कुणा जुन्या कारागिराची छिन्नी अजून दिसते. आणि आत? उन्हाळी तंबूवाल्यांनी तिचा संडास केला होता. कागदांचे ओले बोळे, माश्या, बाळाचे फुगलेले लंगोट. वाट चक्कीतूनच जात होती. सायकली खांद्यावर घेऊन, श्वास कोंडून, पाऊल बघत बघत आम्ही बाहेर पडलो. माझ्या चाकाला काहीतरी चिकटलं होतं. मी काटकीनं ते खरवडलं आणि काटकी जितकी लांब जाईल तितकी लांब फेकली.

मग आडवी झाडं. एकावर एक पडलेली, वीसेक पावलांत एक. सायकल पलीकडे टाकायची, खोडाखालून सरपटायचं, पुन्हा चढायचं. तिसऱ्या खोडानंतर गाएलनं माझी मान तपासली आणि केसांच्या मुळाशी रुतलेली गोचीड चिमटीत धरून ओढली.

"बघ, कशी चिकटलीय. तुझंच रक्त प्यायला."

"दाखवू नकोस. मार तिला."

शेवटचा चढ मठाचा. पॅडल जड झाली, मांड्या पेटल्या, मागचं चाक पानांत फिरू लागलं. मी खाली उतरले नाही. आधी कुठल्याच चढावर नाही उतरले, आता तर मुळीच नाही! वर पोहोचलो तेव्हा धुकं फाटून मठाची एकच उभी भिंत दिसली. कमानीवर दगडी मुंडकी ओळीनं, कुणाचं नाक गेलेलं, कुणाची जीभ बाहेर. खाली उतारावर संत ओस्त्रीचा झरा: दगडी कुंड, तोटी आणि बाजूला क्रूस.

त्या क्रूसाला चिंध्या लटकलेल्या होत्या. मुलांचे मोजे, टोपडी, लाळेरी. प्रत्येक आई एखादं वस्त्र मागे सोडून जाते. पावसापाण्यात ती कुजून काळी झाली होती, काहींवर पांढरी बुरशी आलेली, एका टोपड्यात गोगलगाई. मला वाटलं होतं की हे बघून धीर येईल. आली ती शिसारी.

ओरेलियाँनं कुंडाशी गुडघे टेकले आणि तो ओंजळीनं पाणी प्यायला. "आमचे आजोबा दर वर्षी प्यायचे. नव्वदीपर्यंत दात शाबूत!"

मी झबलं तोटीखाली धरलं. पाणी बर्फासारखं. पण वास? मी झबलं नाकाशी नेलं. ओल्या कुत्र्यासारखा.

"दगडाचा वास आहे," ओरेलियाँ म्हणाला. "चल, पिळू नकोस. निघू."

"तीन फेऱ्या घालायच्या राहिल्या. झऱ्याभोवती. म्हातारीनं सांगितलंय," मी म्हटलं.

"आता कोण फेऱ्या घालतं?" गाएल हसली. "मागे नुसती खाजकुइली आणि चिखल. सगळे पाणी घेतात न् पळतात."

पण मी मुलीसाठी आले होते. अर्धं करून परतले असते तर पुढचा प्रत्येक ओरखडा मला त्या राहिलेल्या फेऱ्यांचा वाटला असता. मी खाजकुइली तुडवत झऱ्यामागे गेले.

तिथे झऱ्याचा उगम एका दगडी खोलीत बंद होता. तिच्यावरची फरशी फुटून आत कोसळली होती. आणि त्या भोकात एक रानडुक्कर पडलेलं होतं.

मेलेलं. फार दिवसांचं. पोट ढोलासारखं फुगून मग फाटलेलं, राठ केस झुपक्या-झुपक्यांनी सुटून पाण्यावर तरंगणारे. डोळ्यांच्या जागी किडे वळवळत होते. झरा त्याच्या बरगड्यांतून येत होता, फासळ्यांशी खुळखुळत होता आणि तसाच, अगदी शांतपणे, तोटीकडे जात होता.

मी दोघांना हाक मारली. ते दोघं आले.

ओरेलियाँचा चेहरा पिठासारखा झाला. "मी... मी दोन ओंजळी..."

"चार," गाएल म्हणाली. "मी बघत होते."

तो झुडपामागे गेला. आम्ही त्याचं ओकणं ऐकत उभ्या राहिलो. माझ्या हातातलं झबलं टपटप गळत होतं, आणि ते पाणी माझ्या मनगटावरून बाहीत चाललं होतं. हे मी तिच्या उघड्या जखमांवर चढवणार होते! मी झबलं फेकून दिलं. मग वाटलं, दुसरी एखादी आई ते बघेल आणि तिला वाटेल इथं पाणी घेतात. मी ते काठीनं उचलून दगडाखाली दडपलं.

ओरेलियाँ तोंड पुसत आला. "घरी बोलू नकोस हं. आई खचून जाईल. वाटेत गावात दुसरं झबलं घेऊन नळावर भिजवू. कुणाला कळतंय?"

"आणि पुढची बाई इथं पोर घेऊन येईल तिचं काय?"

आम्ही तोटीत चिखल आणि दगड ठासले. कुंडावर काटेरी फांद्या ओढल्या. गाएलनं ओल्या मातीनं क्रूसाखालच्या दगडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मेलेलं जनावर. पाणी घेऊ नका.

उताराला लागलो तेव्हा ओरेलियाँ पोट धरून चालवत होता. "थांबू या," मी म्हटलं. "नको," तो म्हणाला. "थांबलो तर उठायचो नाही." खाली जुना दगडी पूल होता. आमच्याकडे प्रत्येक जुन्या पुलाला रोमन म्हणतात. नुसत्या लांब फरश्या, कठडा नाही, वर बुळबुळीत शेवाळ.

"उतरून ये!" गाएल पलीकडून ओरडली.

त्यानं ऐकलं नाही. पुलाच्या मध्यावर त्याला कळ आली. तो वाकला. पुढचं चाक सरकलं. सायकल आडवी झाली, आणि तो सायकलीसकट खाली!

पाणी कमरेएवढंच, पण ओढ दांडगी. त्याचा पाय सायकल आणि धोंड्याच्या मध्ये अडकला होता. डोकं वर आलं, बुडालं, वर आलं. मी उडी टाकली. थंडीनं छाती आवळली. मी त्याची हनुवटी धरून वर उचलली. गाएलनं हँडल धरलं. "ओढ!" चाक हललं नाही. "पुन्हा!" धोंडा गडगडला. पाय सुटला!

त्याला काठाकडे नेताना तो माझ्या खांद्यावर ओकला. गरम, आंबूस, गळ्यापासून पाठीपर्यंत. मी त्याला सोडला नाही. काठावर आम्ही दोघं शेजारी शेजारी ओणवे होऊन ओकलो.

"आता मला काही दाखवू नका," गाएल तोंड फिरवून म्हणाली. "मी अजून सकाळी खाल्लेला क्रोसाँ पोटात टिकवून आहे."

सायकल नदीतच राहिली. ओरेलियाँला आळीपाळीनं आधार देत आम्ही गावात शिरलो. सासूबाई सीदोनीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. आमच्या अवताराकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"झबलं?"

"नाही आणलं."

"सोलेन! एवढी तंगडतोड करून..."

मी सगळं सांगितलं. फुटलेली फरशी, डुक्कर, बरगड्या. मला वाटलं, त्या भडकतील. म्हणतील, तुझी श्रद्धाच नाही. त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांनी सीदोनीला माझ्या हातांत दिलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि व्हिनेगरच्या बाटल्यांमागून लिंबूपाण्याची एक जुनी बाटली घेऊन आल्या. पाण्यानं अर्धी भरलेली. तळाशी काळपट साका, त्यात दोन-तीन राठ केस.

"म्हातारीनं दिली होती," त्या म्हणाल्या. "निखारा बुडाला त्याच दिवशी. ओस्त्रीचंच पाणी. झबल्यानं होईल ते होईलच, तोवर म्हटलं... तू आंघोळीला गेलीस की रोज संध्याकाळी. कापसानं. नुसतं जखमांवर."

डुकरांचा फवारा, चक्कीतली घाण, ते फाटलेलं पोट... ह्यातलं काहीही माझ्या घशाशी असं आलं नव्हतं. मी सीदोनीची बाही वर केली. कोपराच्या खळग्यात सकाळी सुकलेली जागा पुन्हा ओली होती. "आज लावलं?"

त्यांनी मान हलवली. हो.

ओदेत बाटली घेऊन मोरीकडे वळल्या.

"मोरीत नको! घराबाहेर. उकिरड्यावर. आणि बाटलीही."

त्या गेल्या. मी डॉक्टरांना फोन लावला, ओरेलियाँबद्दल आणि सीदोनीबद्दल. आतून ओरेलियाँचा कण्हण्याचा आवाज येत होता, गाएल त्याला बादली देत होती. सासूबाई परतल्या, नळाखाली बराच वेळ हात चोळत राहिल्या आणि मग लाल झालेले तळवे माझ्यापुढे धरून, सीदोनीला घ्यायला पुढे आल्या.

मी त्यांची नखं पाहिली.

"पुन्हा धुवा," मी म्हटलं.

जिनं गावात कुणाचं कधी ऐकलं नाही अशी ही बाई. ती नळाकडे परत वळली.